सदतिसावी चौकट

मोहन दुशिंगचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर लावलेला नसे. बावीस वर्षं परांची बांधलेल्या माणसाला गजर लागत नाही. तो उठायचा, गुडघ्यांना पट्टे बांधायचा, चहा करायचा. अर्धा प्यायचा, अर्धा थर्मासमध्ये भरायचा आणि अंगण ओलांडून चर्चमध्ये जायचा.

हॅनोव्हरच्या उत्तरेला पाऊण तासावर ते गाव आहे. मोहन तिथे क्युस्टर होता. क्युस्टर म्हणजे चर्चची किल्ली, घंटा, झाडू आणि बॉयलर सांभाळणारा. पगार अर्ध्या दिवसाचा, काम पूर्ण दिवसाचं. नोकरीबरोबर तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्याच्या बायकोचा, मनोरमाचा, खुब्याचा सांधा बदललेला होता. तिला जिने चढता येत नव्हते. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. तेवढी तीन वर्षं हे घर राहावं, याहून जास्त त्या दोघांनी काही मागितलं नव्हतं.

मी मोहनबरोबर परांचीच्या एकाच टोळीत काम केलं. त्याने आवळलेला नट दुसऱ्याने तपासावा लागत नसे. चर्चमध्येही तो तसाच. तिथलं बॉयलर एकदम वाढवायचं नसतं. तासाला एक अंश, जास्त नाही. जास्त केलं की ऑर्गन बिघडतो, जुनं लाकूड फाटतं. दहाच्या उपासनेसाठी पाचच्या आत बॉयलर लावावं लागतं. आधीच्या क्युस्टरने ते कधी पाळलं नाही. मोहनने नऊ वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

चर्चमध्ये वरच्या बाजूला लाकडी गॅलरी आहे. गॅलरीच्या कठड्याला आतल्या अंगाने सदतीस चौकटी. प्रत्येक चौकटीत एक माणूस रंगवलेला, खाली नाव. ते दावीद राजाचे वीर. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, त्यांची यादी आहे आणि शेवटी आकडाही दिला आहे, एकंदर सदतीस. साडेतीनशे वर्षांपूर्वी गावच्या जमीनदाराने ती चित्रं करवून घेतली. चेहरे त्याच्याच पदरच्या माणसांचे घेतले, असं गावात सांगतात. राजाचं चित्र मात्र कुठेच नाही. खाली डाव्या हाताला जमीनदाराची कोरीव बैठक आहे, बाजूंनी फळ्या लावून वेगळी केलेली. तिथे आता कोणी बसत नाही.

का बसत नाही, ते मोहनला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. बैठकीची धूळ काढताना त्याचे गुडघे दुखले म्हणून तो टेकला. वर पाहिलं. छत्तीस माणसं त्याच्याकडे बघत होती. चर्चमध्ये दुसरीकडे कुठेही उभं राहिलं तर ती इकडेतिकडे बघताहेत असं वाटायचं. त्या एका जागेवर बसलं की सगळ्या नजरा येऊन मिळायच्या. राखण करणाऱ्या माणसांच्या नजरा. तो उठला आणि पुन्हा तिथे बसला नाही.

छत्तीस, कारण सदतिसाव्याला चेहरा नव्हता. शेवटची चौकट, नाव उरीया. अंगरखा होता, हात होते, कमरेला तलवार होती. चेहऱ्याच्या जागी खरवडलेला करडा डाग. ते जमीनदाराच्याच हुकमाने झालं, एवढं चर्चच्या जुन्या वहीत आहे. कारण लिहिलेलं नाही.

आणि एक गोष्ट होती. ती मोहनने मला सांगितली, तेव्हा मी हसलो होतो. बॉयलर लावलं की तासाभराने लाकूड तडतडायचं. गरम होणारं लाकूड आवाज करतंच, त्यात काही नाही. पण हे डावीकडून सुरू व्हायचं. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. एकेक तड, मध्ये थोडं अंतर. हजेरी घेतल्यासारखं. मोहन झाडता झाडता मोजायचा. छत्तीस व्हायच्या. सदतिसावी कधी वाजली नाही.

"एकदा येऊन ऐक," तो मला म्हणाला. मी गेलो. ऐकलं. मग हसलो नाही.

*

जानेवारीत देवश्री आली. वय एकोणतीस, पुण्याची. जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिक्षण तिने इथेच घेतलं होतं. चर्चच्या प्रांत-कार्यालयाने तिला सहा महिन्यांच्या करारावर नेमलं होतं. काम चांगलं झालं तर करार वाढणार होता. करारावरच तिचा व्हिसा होता.

गॅलरीची किल्ली तोवर एकट्या मोहनकडे असायची. आता दुसरी तिला मिळाली. तिसरी नव्हती.

पहिल्या दिवशी तिने शिडीवर पाय ठेवला आणि मोहन खालून म्हणाला, "थांबा. वरची कडी अडकवलेली नाही."

ती दचकली. "तुम्ही मराठी?"

"तुम्ही फोनवर आईशी बोलत होता. सगळ्या चर्चने ऐकलं."

"अरे देवा. काका, मग तुम्ही सगळं ऐकलंत?"

"क्युस्टर म्हातारा आहे आणि खडूस दिसतो, एवढं ऐकलं."

त्यानंतर दोघांचं जमलं. दुपारी मनोरमा तिला जेवायला बोलवायची. कामावर मात्र देवश्री कडक होती. एका चौकटीपुढे दोन-दोन तास बसायची. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, भिजवायचा, टेकवायचा, उचलायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. मोहनला हे आवडलं. दिवसाकाठी तळहाताएवढी जागा व्हायची. तो म्हणाला, हे काम आहे.

एकदा तिने विचारलं, "काका, हे लोक कोण आहेत नक्की? मला यातला एकही माहीत नाही. आमच्याकडे पांडव पाच, विषय संपला."

मोहन नगर जिल्ह्यातला. संडे स्कूलमध्ये ही यादी त्याने पाठ केली होती. झाडूचा दांडा वर करून तो दाखवू लागला.

"हा एलाजार. लढून लढून हात तलवारीला चिकटला. सुटेना."

"चिकटला म्हणजे?"

"दिवसभर हातोडा धरला की बोटं उघडत नाहीत. तसं. हा शम्मा. बाकीचे पळाले, हा मसुरीच्या शेतात एकटा उभा राहिला."

"मसुरीसाठी?"

"कोणाचं तरी पीक होतं ते. हा बनाया. बर्फ पडलेलं असताना खड्ड्यात उतरून सिंह मारला. आणि हे तिघे. राजा म्हणाला, माझ्या गावच्या विहिरीचं पाणी कोण आणेल? गाव शत्रूच्या ताब्यात. तिघे घुसले, पाणी घेऊन आले. राजाने ते जमिनीवर ओतलं."

"ओतलं? का?"

"म्हणाला, हे पाणी नाही, माणसांचं रक्त आहे. देवाला वाहिलं. मोठं मन, असं पाळक सांगतात. मला कधी पटलं नाही. एवढ्या कष्टाने आणलं, तर प्यावं."

देवश्री हसली. "गेनाऊ, अगदी बरोबर. आणि हा शेवटचा?"

मोहनने दांडा खाली घेतला. "उरीया. हित्ती. परक्या मुलखातला. त्याच्या बायकोवर राजाची नजर गेली. मग राजाने सेनापतीला चिठ्ठी लिहिली. याला पुढे ठेवा, लढाई पेटली की तुम्ही मागे सरका."

"चिठ्ठी नेली कोणी?"

"त्यानेच. उघडून पाहिली नाही."

"आणि मागे सरकलं कोण?"

मोहनने छत्तीस चौकटींकडे पाहिलं आणि झाडायला लागला.

*

इथे पद्माकरबद्दल सांगणं भाग आहे.

पद्माकर मालवणचा. जहाजावरून हँबुर्गला उतरला आणि परत चढला नाही. माडावर चढणाऱ्या घरातला, त्याला उंचीचं काही वाटत नसे. आमच्या टोळीत सगळ्यात वर तोच असायचा. मोहनला तो पाद्री म्हणायचा. वरून ओरडायचा, "ए पाद्र्या, तुझो देव खय आसा? मी हयसून बघतंय, माका दिसणा नाय!" मोहन खालून ओरडायचा, "तू खाली बघून काम कर."

एकोणीसशे नव्व्याण्णवचा नोव्हेंबर. धान्याच्या कोठाराला परांची बांधली होती, सहा मजले. उतरवायचं काम चालू होतं. परांची भिंतीला अँकरने धरलेली असते. वरून उतरवत यायचं आणि ज्या मजल्याला पोचलो तिथलेच अँकर काढायचे, असा नियम आहे. फोरमनला घाई होती. दुसऱ्या दिवशी ती जागा दुसऱ्या कंत्राटदाराला द्यायची होती. तो मोहनला आणि मला म्हणाला, या बाजूचे खालचे अँकर आत्ताच काढा आणि आत या, पद्माकर वरचं उरकून येईल.

आम्हांला कळत होतं. वारा होता. आम्ही अँकर काढले आणि खिडकीतून आत आलो. आठ अँकर. मी चार, मोहनने चार.

परांची भिंतीपासून सुटली. आधी हातभर. पद्माकरने आमच्याकडे पाहिलं. ओरडला नाही. त्याचा पट्टा अडकवलेला होता, कडी आम्ही दोघांनी पाहिली. पण ज्याला पट्टा अडकवला होता तेच गेलं.

दोन दिवसांनी फोरमनने कागद पुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं की मृताने पट्टा लावलेला नव्हता आणि अँकर त्यानेच काढले. आम्हांला दोघांनाही घरं होती, मुलं होती. आम्ही सही केली. मोहनने आधी, मग मी.

त्यावर आम्ही चोवीस वर्षं बोललो नाही.

*

फेब्रुवारीच्या सुरुवातीला देवश्री सहा दिवसांसाठी बॉनला गेली. कसला तरी अभ्यासवर्ग होता. जाण्याआधी तिने सगळ्या चौकटींचे फोटो काढले आणि प्रत्येकीखाली स्थिती लिहून चिठ्ठी लावली. सदतिसाव्या चौकटीखाली लिहिलं होतं, लाकूड अत्यंत कोरडं.

मोहनने ते वाचलं. कोरड्या लाकडाला काय करतात, ते कुठल्याही कामगाराला ठाऊक असतं. हातोड्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, फावड्याचा दांडा, सगळ्यांना आम्ही दर शरदात जवसाचं तेल पाजायचो. दांडा फाटत नाही, हाताला फोड येत नाहीत. चेहरा तर त्या चौकटीत नव्हताच. बिघडण्यासारखं काय होतं? पोरीचं एक काम हलकं होईल, असं त्याला वाटलं.

मंगळवारी सकाळी त्याने ते केलं, आणि नीट केलं. तेल बॉयलरवर कोमट केलं. सुती फडक्याने पातळ हात दिला, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. वीस मिनिटं थांबून वरचं पुसून घेतलं. पुन्हा एक हात. जवसाच्या तेलाचा फडका बोळा करून टाकला तर आपोआप पेट घेतो. म्हणून तो त्याने अंगणातल्या दोरीवर पसरून वाळत घातला. मग शिडी धरून वर पाहिलं.

करडा डाग गडद झाला होता. गडद झाला तसा आतून वर आला. आधी कपाळ, मग नाकाची रेघ, मग गाल. तेलाने जुना रंग पारदर्शक होतो, हे देवश्रीने मला नंतर समजावलं. खरवडलेल्या थराखाली जे उरलं होतं ते दिसायला लागलं. त्यात जादू नाही. पण मोहन तेव्हा शिडीवर होता आणि त्याच्या तोंडापासून दोन हातांवर एक चेहरा तयार होत होता.

चेहरा सावळा होता. तो पद्माकर नव्हता. मोहनने मला तीनदा सांगितलं, तो पद्माकर नव्हता, नाक वेगळं होतं. शेवटी डोळे आले. छत्तीस जण बैठकीकडे बघत होते, राजाच्या जागेकडे. हा तिकडे बघत नव्हता. हा डावीकडे बघत होता, आपल्या छत्तीस साथीदारांकडे. रागाने नाही. माणूस मागे वळून, सोबतचे आहेत ना म्हणून बघतो, आणि ते नसतात, तसा.

ती नजर मोहनने एकदा पाहिली होती. मीही पाहिली होती.

तो उतरला. गुडघे दुखत असताना अकरा पायऱ्या कधी उतरलो ते कळलं नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने बॉयलर लावलं. झाडू घेतला. तासाभराने लाकूड तडतडलं. डावीकडून नाही, उजवीकडून. सगळ्यात आधी सदतिसावी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. बाकीच्या छत्तीस त्या दिवशी वाजल्याच नाहीत.

*

देवश्री सोमवारी परतली. ती गॅलरीत गेली आणि पाच मिनिटांत खाली आली.

"काका, सदतिसाव्याला तेल कोणी लावलं?"

"मला काय माहीत," मोहन म्हणाला.

"किल्ल्या दोनच आहेत."

"साफ करणारे येतात, विजेचे लोक येतात. दार उघडं राहतं कधी कधी."

दार कधीच उघडं राहत नसे. मोहनने नऊ वर्षांत ते एकदाही उघडं सोडलं नव्हतं. देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून अंगणाकडे. दोरीवर फडका होता. व्यवस्थित पसरलेला, चार चिमट्यांनी. ती परत वर गेली.

तिने कार्यालयाला कळवलं. कळवावंच लागतं. उत्तर आलं, गुरुवारी अकरा वाजता माणूस येईल. मूळ चित्राचं नुकसान तिच्या ताब्यात असताना झालं, खुलासा तयार ठेवावा.

बुधवारी जेवताना मनोरमा म्हणाली, "अहो, त्या फडक्याला जवसाचा वास आहे."

"फावड्याच्या दांड्याला लावलं."

"फेब्रुवारीत?"

मोहन जेवत राहिला.

"ती पोरगी आज जेवायला आली नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाली, काकू, भूक नाही. डोळे सुजलेत तिचे."

"मी बोललो तर घर जाईल," मोहन म्हणाला. "तुला जिना चढता येणार नाही. तीन वर्षं आहेत."

मनोरमाने ताटं उचलली नाहीत. म्हणाली, "पद्माकरभाऊजींच्या वेळेला हेच मी तुम्हांला म्हटलं होतं. सही करा, नाहीतर घर जाईल. तुम्ही ऐकलंत. आज मी काही म्हणणार नाही. तुम्ही आणि तुमचं शास्त्र बघून घ्या."

*

गुरुवारी बर्फ पडलं होतं. मोहनने नेहमीप्रमाणे पाचच्या आत बॉयलर लावलं, वाट साफ केली, मीठ टाकलं. अकराला कार्यालयाचा माणूस आला. चर्चच्या पाळकबाई आल्या. फाइली ठेवायला जागा हवी म्हणून तो माणूस जमीनदाराच्या बैठकीत जाऊन बसला. त्याला ठाऊक नव्हतं. देवश्री त्याच्यासमोर उभी राहिली. मोहन वर गॅलरीत होता, झाडत.

माणसाने फोटो पुढे ठेवले. आधीचा आणि नंतरचा. सभ्यपणे बोलला. म्हणाला, आल्झो, तर मग, हे तेल कोणी लावलं असावं, याची काही कल्पना आहे का?

देवश्री जर्मनमध्ये म्हणाली, "किल्ली माझ्याकडे होती. मी गावाबाहेर जाताना चौकटीवर आच्छादन घालायला हवं होतं, ते घातलं नाही. जबाबदारी माझी."

"तुम्ही तेल लावलंत?"

"जबाबदारी माझी आहे," ती पुन्हा म्हणाली.

माणसाने लिहायला पेन काढलं.

मोहनला फक्त गप्प राहायचं होतं. झाडूसकट दोन पावलं मागे सरकलं की तो खांबाआड गेला असता आणि खालून दिसलाही नसता. तो मला म्हणाला, माझा एक पाय मागे गेला होता.

तेव्हा लाकूड वाजलं. सहा तास गरम होत आलेलं लाकूड अकरा वाजता वाजत नाही, ते सकाळीच वाजून घेतं. पहिली चौकट वाजली. दुसरी. तिसरी. खाली माणसाने पेन थांबवून वर पाहिलं. पाळकबाईंनी पाहिलं. चौथी, पाचवी. आवाज गॅलरीवरून सरकत मोहनच्या दिशेने येत होता. त्याने मोजलं. सवयीने मोजलं. तीस. एकतीस. पस्तीस. छत्तीस त्याच्या कोपराशी वाजली. मग शांत.

मोहन सदतिसाव्याशेजारी उभा होता. सदतिसावी वाजण्याची वाट त्याने पाहिली नाही.

"मी लावलं," तो वरून म्हणाला, जर्मनमध्ये, जरा जास्तच मोठ्याने. "या मुलीने हात लावलेला नाही. मंगळवारी सकाळी, साडेआठला. दोन हात. जवसाचं तेल."

देवश्री मराठीत ओरडली, "काका, कशाला बोललात!"

"कारण मी लावलं," मोहन म्हणाला. "तू कशाला बोललीस?"

*

कार्यालयाने लेखी मागितलं. मोहनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. जर्मन लिहिताना त्याचा हात चालत नाही. एक पान लिहायला त्याला तीन तास लागले. पहिल्या भागात तेल होतं, किती, कसं, कधी. दुसऱ्या भागात त्याने लिहिलं की एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात पद्माकरचा पट्टा अडकवलेला होता. त्याच्या बाजूचा आधार पद्माकरने नव्हे, दोन साथीदारांनी काढला, हुकमावरून, आणि ते मागे सरकले.

कार्यालयाचा माणूस म्हणाला, हे दुसरं इथे येत नाही, खोडा. मोहनने खोडलं नाही. मग ते तसंच फाइलला लागलं.

रविवारी तो माझ्याकडे आला. पाठीवर बर्फ होतं, बूट दारात काढले. दुसरा भाग त्याने वेगळ्या कागदावर मराठीत उतरवला होता, मालवणला पद्माकरच्या भावाच्या नावाने. खाली त्याची सही होती. तिच्याशेजारी जागा सोडलेली होती.

"चहा घे आधी," मी म्हणालो.

"आधी वाच."

मी वाचलं. सही केली. ती चोवीस वर्षांपूर्वीच्या सहीपेक्षा चांगली आली नाही. भावाचं उत्तर एप्रिलमध्ये आलं, एका ओळीचं. आईला वाचून दाखवलं असतं, पण ती गेली, असं त्याने लिहिलं होतं. त्यात कोणतीही शिवी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

देवश्रीचा करार वाढला. मोहनला नोटीस मिळाली. चार महिन्यांची, नियमाप्रमाणे. पाळकबाईंनी दोनदा रदबदली केली, उपयोग झाला नाही. जूनच्या अखेरीस घर सोडायचं ठरलं. हॅनोव्हरमध्ये दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, लिफ्ट नाही. मोहनने जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घेतला. मनोरमा दोन्ही हातांनी धरून चढते. सोळा पायऱ्या, मग टेकते, मग पुन्हा सोळा. तिने एकदाही तक्रारीचा शब्द काढलेला नाही, आणि मोहन रोज तिच्या मागे एक पायरी सोडून चढतो.

नोटिशीचे चार महिने त्याने पूर्ण काम केलं. चार वीसला उठला. तासाला एक अंश. माणसाला काढून टाकलं म्हणून बॉयलरला ते कळत नाही, म्हणाला. नव्या क्युस्टरला त्याने दोन दिवस सगळं दाखवलं. चौकटींच्या आवाजाबद्दल सांगितलं नाही.

तेल काढायचा खर्च कार्यालयाने त्याच्या माथी मारला नव्हता. विमा देईल, नाही दिला तर बघू, असं चाललं होतं. मोहनने स्वतः लिहून दिलं, खर्च माझा. माझ्या हाताने लागलं, माझ्या कष्टाने निघेल. चार महिन्यांचा पगार त्याने पूर्ण तिकडे वळवला. तेवढ्यात देवश्रीचं चार आठवड्यांचं काम बसत होतं.

ती कडेने सुरू करून आत सरकत गेली. कापूस, काडी, टेकवायचं, उचलायचं. खांद्यापासून मान, मानेपासून हनुवटी. जसजसं तेल निघालं तसतसा तो चेहरा पुन्हा करडा होत गेला. मोहन खाली उभा राहून बघायचा. कधी मीही जायचो. गाल गेला. नाक गेलं. कपाळ गेलं. विसाव्या दिवशी फक्त डोळे राहिले होते, दोन नाण्यांएवढी जागा.

तिने बोळा खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, अजून एका दिवसाचं काम आहे. पैसे आजपर्यंतचे होते."

"एका दिवसाचं मी देतो," मोहन म्हणाला. "काम अर्धवट ठेवू नये."

"अर्धवट नाही," ती म्हणाली. "अहवालात लिहिते की उरलेलं काढणं सुरक्षित नाही. माझी सही असेल."

मोहनने वर पाहिलं. मग मान डोलावली.

मोहन दुशिंगच्या चार महिन्यांच्या पगारात एवढं झालं. सगळा चेहरा पुसला गेला, डोळे सोडून.